डबी मुलीच्या ताब्यात

४ फेब्रुवारी
आज सकाळी अंघोळ झाली, देवाला हात जोडले आणि तंबाखूची डबी मुलीच्या हातात दिली. तिला सांगितलं, आजपासून ही तुझ्या ताब्यात. दिवसाला सहा चिमटी. मी कितीही गयावया केली तरी सातवी द्यायची नाही. ती सतरा वर्षांची आहे, पण आमच्या घरात तिच्याइतकं कडक कोणी नाही. मी तिला मास्तरीण म्हणतो. तिने विचारलं, रडलात तरी नाही? मी म्हटलं, रडलो तरी नाही.

ही वही त्यासाठीच. बाइंडिंगच्या कारखान्यात उरलेल्या कोऱ्या कागदाची, पण शिलाई माझ्या हातची, पुठ्ठाही चांगला लावला आहे. सवय सुटेपर्यंत पुरेल. खरं तर अर्धी उरेल.

टार्गेट: १ जूनला शून्य. हे देवाला सांगितलं आहे. शपथ घेतलेली नाही. सांगणं वेगळं, शपथ वेगळी.

५ फेब्रुवारी
सिस्टिम झकास आहे. मास्तरीण सकाळी कामावरच्या तीन पुड्या बांधून देते, घरच्या तीन स्वतःकडे ठेवते. चुना लावून, मळूनच देते. मी मळायला घेतलं की चिमूट फुगते असं तिचं म्हणणं आहे. ते खरं आहे.

कारखान्यात कागद कापणारा कटिंगवाला पुड्या बघून म्हणाला, दादा, शाळेचा डबा आणला का? हसू दे. त्याचं तोंड दिवसभर भरलेलं असतं. आज ना उद्या त्यालाही ही सिस्टिम शिकवीन.

९ फेब्रुवारी
अण्णा, म्हणजे माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांची डबी वेगळी. तिला हात लावायची कोणाची टाप नाही. मी सात वर्षांचा असल्यापासून त्यांची तंबाखू मळून देत आलो. त्यांनी मला आयुष्यात एकाच गोष्टीसाठी शाबासकी दिली. पाहुण्यांसमोर म्हणायचे, याच्या हाताला चव आहे. गावच्या शाळेत चौथीला पहिला आलो तेव्हा नुसतं बरं म्हणाले होते. चौदाव्या वर्षी मी पहिली चिमूट तोंडात टाकली. ती त्यांनीच दिली. मळणाऱ्याला चव कळली पाहिजे म्हणाले.

आज मास्तरणीने माझ्यासाठी मळलेली त्यांनी आधी चाखली. म्हणाले, अरे, ही तर तुझ्यावर ताण करून गेली. पोरगी लाजली. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. घराण्यातले गुण कुठून कुठे उतरतात.

१० फेब्रुवारी
कालचं वाचलं. गैरसमज नको म्हणून लिहितो. आमच्या घराला तंबाखू मानवते. अण्णांना काही झालेलं नाही. आजोबांना काही झालं नाही. काका गेले ते दाताच्या दुखण्याने. शेवटी शेवटी त्यांना पाणीही गिळवत नव्हतं. डॉक्टरांनी दुसरं नाव सांगितलं होतं, पण आम्ही घरात दाताचं दुखणंच म्हणतो. मी सोडतो आहे ते तब्येतीसाठी नव्हे, मनाला लगाम हवा म्हणून.

१७ फेब्रुवारी
मालक रागावले. लायब्ररीच्या जाड ग्रंथाला नवी बांधणी केली होती, त्याच्या पहिल्याच कोऱ्या पानावर पिवळा अंगठा उमटला. मालक म्हणाले, लेखकाची सही आहे का ही? मी म्हटलं, खळीचा डाग असेल. मालकांनी माझा अंगठा धरून पानावर ठेवला. तंतोतंत बसला.

मन खट्टू झालं. कटिंगवाल्याकडून एक चिमूट घेतली. ती सहात धरलेली नाही, कारण ती आपल्या डबीतली नव्हती.

२ मार्च
चारवर आलो. गाजावाजा न करता.

मुलीचंही चांगलं चाललं आहे. पूर्वी बडबड फार करायची, आता शांत झाली आहे. अभ्यासाला मागच्या जिन्यावर बसते. हाक मारली तर लगेच ओ देत नाही, मान हलवते, मग थोड्या वेळाने आत येऊन काय म्हणून विचारते. दिवसातून तीनदा दात घासते. तोंडात लवंग असते. जबाबदारी दिली की मुलं किती सुधारतात याचं हे उदाहरण आहे. तिला नर्सिंगला जायचं आहे. स्वच्छतेची सवय आत्तापासूनच लागलेली बरी.

१९ मार्च
एक कोडं पडलं आहे. मी सहावरून चारवर आलो, पण मोठा पुडा पूर्वीसारखाच दहा दिवसांत संपतो. कारणं काढली. एक, हवा कोरडी आहे, तंबाखू सुकून बसते. दोन, दुकानदार वजनात मारतो. तीन, अण्णा.

२० मार्च
तिसरं कारण धरलं. अण्णांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, माझी डबी काय रिकामी पडली आहे का? तुझ्या डबीत हात घालायला मी काय भिकारी झालो? मी म्हटलं, अण्णा, म्हातारपणी लपवाछपवी शोभत नाही. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. दुपारचे बारा वाजले होते, झोपायची वेळ नव्हती.

मास्तरीण तिथेच पुस्तक घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं नाही. एकाग्रता चांगली आहे.

२४ मार्च
अण्णा अजून बोलत नाहीत. ही म्हणाली, अहो, चिमूटभर तंबाखूसाठी बापावर चोरीचा आळ घेतलात. मी म्हटलं, प्रश्न तंबाखूचा नाही, शिस्तीचा आहे. ही नुसती हसली. हिच्या हसण्यात शब्दांपेक्षा जास्त ऐकू येतं.

६ एप्रिल
मास्तरणीने आपण होऊन मला तीनवर आणलं. विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, एवढी घाई? ती म्हणाली, टार्गेट तुमचंच आहे ना, बाबा. शेर आहे.

पुडा आता आठ दिवसांत संपतो. दुकानदार बदलला.

कारखान्यात कटिंगवाल्याच्या चार होतात. कधी पाच. तो आता न मागताच पुढे करतो. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो.

१२ मे
हिला मुलीच्या उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग दिसला. माझ्यासमोर धरून उभी राहिली. मी म्हटलं, चहा असेल. ही म्हणाली, झोपेत चहा पिते का ती? मी म्हटलं, मग माझा अभ्रा असेल, धुताना बदलला असेल. हे दोघांनाही पटलं. विषय संपला.

अण्णांशी बोलणं सुरू झालं. त्यांनीच सुरुवात केली. चुना आण म्हणाले.

१ जून, सकाळी ७
आज शून्याचा दिवस. देवापुढे जरा जास्त वेळ उभा राहिलो. मास्तरीण डबी घेऊन समोर आली. म्हणाली, आजपासून पुड्या बंद. मी म्हटलं, एकदम बंद केलं की शरीराला धक्का बसतो, कुठेतरी वाचलं आहे. दोनवर तडजोड झाली. तिने फार ताणलं नाही. मला वाटलं होतं ताणेल.

रात्री ९
नवीन टार्गेट: १ जुलै.

११ जून
लिहायला हात होत नाही. पण वही त्यासाठीच आहे.

नर्सिंगच्या प्रवेशाआधीची मेडिकल होती. मी सुट्टी काढून मुलीबरोबर गेलो. उंची झाली, वजन झालं, डोळे झाले. मी बाकावर बसून मनातल्या मनात देवाचे आभार मानत होतो. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि मलाही आत बोलावलं. दिवा लावला, तोंड उघडायला सांगितलं, गाल बाजूला केला. बराच वेळ बघत राहिल्या. मग हातमोजे काढत विचारलं, तंबाखू किती दिवस?

मी म्हटलं, जवळजवळ पस्तीस वर्षं, मॅडम, पण आता दोनवर आलो आहे.

त्या म्हणाल्या, मी तुम्हाला विचारलं नाही.

खोलीत दिव्याचा आवाज येत होता. मी मुलीकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. म्हणाली, फेब्रुवारीपासून.

बाई म्हणाल्या, गालात आतून पांढरा चट्टा आहे. अजून नुसता चट्टाच आहे. पूर्ण बंद केली तर जाईल, चालू ठेवली तर काय होईल ते आज सांगत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, तोपर्यंत कागदावर सही करता येणार नाही. मग विचारलं, घरात कोण कोण खातं? मी म्हटलं, मी आणि वडील. त्या म्हणाल्या, मग घरातल्या सगळ्यांनी सोडा. ते जमणार नसेल तर हिला अशा घरात ठेवा जिथे कोणी खात नाही. डबी डोळ्यांसमोर असताना हिची सुटणार नाही.

मग म्हणाल्या, आता तुम्ही तोंड उघडा. माझं तोंड दोन बोटांपुरतं उघडलं. मी म्हटलं, बसची वेळ झाली आहे.

१२ जून
काल घरी येऊन मी खूप आवाज चढवला. कॉलेजची संगत म्हटलं. मोबाइल म्हटलं. कोणी शिकवलं तुला म्हटलं. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पुसत म्हणाली, अहो, तिच्या हातात डबी कोणी दिली?

मी चपला काढायला दारापर्यंत जाऊन आलो. अण्णांनी आपल्या डबीचं झाकण लावलं.

मग मुलगीच बोलली. आवाज न चढवता, हिशेब सांगावा तसं. पहिल्या आठवड्यात चुना कमी-जास्त व्हायचा, म्हणून ती टोकभर जिभेवर लावून बघायची. आजोबा म्हणाले होते ना, मळणाऱ्याला चव कळली पाहिजे. मग मला सहाच्या चार केल्या. दोन उरायच्या. मळून ठेवलेल्या टाकवेनात. ती म्हणाली, तुमची जेवढी कमी केली तेवढी मी खाल्ली, बाबा. आधी तेवढीच. मग जास्त.

म्हणजे ६ एप्रिलला मला तीनवर आणलं ते माझ्यासाठी नव्हतं.

अण्णांची माफी मागायला हवी. उद्या मागीन.

१३ जून
ठराव: घरात तंबाखू बंद. सगळ्यांची. आजपासून.

डबी, पुडा, चुना कचऱ्यात टाकला. अण्णांनी मात्र आपली डबी उशीखाली घातली. म्हणाले, अरे, या वयात माझं काय सुटायचं? मी म्हटलं, अण्णा, पोरीच्या गालात चट्टा आहे. ते म्हणाले, दाताचं असेल. मी म्हटलं, अण्णा, काकांचं दाताचं नव्हतं. हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं. अण्णांनी पाठ फिरवली. उशी तेवढी घट्ट धरली.

माफी मागायची राहिली.

१६ जून
चौथा दिवस. हात कापतात, शिलाई वाकडी येते. मालकांनी मला खळ लावायला बसवलं. वीस वर्षांनी खळ लावली.

मुलीने एक पद्धत काढली आहे. संध्याकाळी सातला आम्ही दोघं जिन्यावर बसतो आणि एकमेकांच्या तोंडाचा वास घेतो. हसू येतं, पण चांगलं आहे. तीही कापते. काल म्हणाली, बाबा, तुमचेही दात असे शिवशिवतात का? मी म्हटलं, हो. आम्ही इतक्या मोकळेपणी कधीच बोललो नव्हतो.

१९ जून
कटिंगवाल्याने पुढे केली. घेतली. एकच. दुपारी दोन वाजता घेतली, वास सातला घ्यायचा, मध्ये पाच तास. चार वेळा चुळा भरल्या, लवंग चावली.

तिने वास घेतला आणि विचारलं, लवंग कधीपासून? मी म्हटलं, घसा खवखवतो आहे. ती म्हणाली, तुम्ही खाल्ली असेल तर सांगा. मी रागावणार नाही. एकटीच सोडते आहे की दोघं, तेवढं मला कळलं पाहिजे. मी म्हटलं, दोघं.

खोटं बोललो ते तिला धीर यावा म्हणून.

२० जून
आज तिच्या तोंडाला लवंगेचा वास होता. मी विचारलं नाही.

२९ जून
कामावरून लवकर आलो. अण्णांच्या खाटेशी मुलगी खाली बसली होती. त्यांची डबी तिच्या मांडीवर. ती मळत होती. अण्णा म्हणाले, माझा हात थरथरतो रे, म्हणून तिला सांगितलं. तिने चुन्याचं बोट डबीच्या कडेला पुसलं. मी तिथेच उभा राहिलो. ओरडायला तोंड उघडलं, पण माझ्याच तोंडात होती, आणि थुंकायला कुठे जागा दिसेना.

१ जुलै
टार्गेटचा दिवस. हुकला.

४ जुलै
मुलीनेच विषय काढला. मावशीकडे जाते म्हणाली. हिच्या बहिणीचं घर बसने दोन तासांवर आहे, तिथे कोणी खात नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. ही म्हणाली, माझं बहिणीशी बोलणं झालं आहे, ती आज या म्हणते.

मी ठाम नाही म्हटलं. आपलं घर असताना पोर दुसऱ्याच्या दारात का ठेवायची? व्यसन मी सोडणार आहे, मग तिने का जावं? १२ जुलैपासून पक्कं. देवाशप्पथ म्हटलं. या वेळी सांगणं नाही, शपथ.

१२ जुलै
सकाळी साडेअकरापर्यंत.

१५ जुलै
पुन्हा. दुपारपर्यंत.

१८ जुलै
आज देवापुढे उभं राहवलं नाही. लांबूनच हात जोडले. तोंडात होती.

२३ जुलै
ही म्हणाली, तुम्ही रोज नवी तारीख देता, आणि ती पोर रोज त्या तारखेची वाट बघत खाते. आज किती झाल्या विचारा तिला. मी विचारलं. पाच म्हणाली. मग तिने मला विचारलं. मी दोन म्हटलं. ती म्हणाली, बाबा, कटिंगवाल्या काकांच्याही धरा. तिला हे कसं कळलं ते मी विचारलं नाही.

मी आठ म्हटलं. तेही पूर्ण खरं नव्हतं.

२ ऑगस्ट
आरशात बघून मुलीने आपला गाल मोबाइलच्या उजेडात तपासला. मला वाटलं मला दिसत नाही असं तिला वाटतं आहे. पण तिने दार उघडंच ठेवलं होतं. आली आणि म्हणाली, वाढला आहे. मी म्हटलं, उजेडाचा फरक असेल.

तोंडातून वाक्य गेलं आणि मला त्यात अण्णांचा आवाज ऐकू आला.

५ ऑगस्ट
ठरलं. ती मावशीकडे जाणार. ९ तारखेला.

अण्णा म्हणाले, घरातली पोर घराबाहेर काढता, लोक काय म्हणतील? ही भाजी निवडता निवडता म्हणाली, तुमच्या डबीला घराबाहेर काढता आलं असतं तर पोरीला काढावं लागलं नसतं. अण्णांशी इतक्या उद्धटपणे ही पंचवीस वर्षांत बोलली नव्हती. अण्णांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मीही तेच केलं.

८ ऑगस्ट
तिची बॅग भरून झाली. पुस्तकं मी भरली. जुन्या दोन पुस्तकांची पाठ निसटली होती, ती कारखान्यात नेऊन नीट बांधून आणली. कापड निळं वापरलं. एवढं मला येतं.

बांधताना हात धुऊन बसलो होतो. दोन्ही पुस्तकांवर एकही डाग नाही.

९ ऑगस्ट
सकाळी सातची बस. अण्णा खाटेवरून उठले नाहीत. ती त्यांच्या पाया पडली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

बसमध्ये मी तिच्या शेजारी बसलो नाही. दोन सीट मागे बसलो. माझ्या तोंडाचा वास तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून. ही अक्कल मला आज सुचली. दोन तास तिची वेणी बघत गेलो.

मावशीचं घर लहान आहे, पण उजेड आहे. खिडकीशी टेबल लावून ठेवलं होतं. मावशी म्हणाली, भाऊजी, काळजी करू नका, माझी मुलगी समजून ठेवीन. मी मान हलवली. बोलायची सोय नव्हती. मधल्या थांब्यावर एक घेतली होती.

निघताना मुलगी दारापर्यंत आली. म्हणाली, बाबा, भेटायला याल त्या दिवशी न खाता या. एकच दिवस. मी वास घेणार नाही. तुम्ही सांगाल ते खरं धरीन.

मी दाराजवळच्या कॅलेंडरवर रविवारच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिला कळलं असेल. तिने दार हळूच लावलं.

स्टँडवर परतीच्या बसची वाट बघत रविवारचा विचार केला. या रविवारी कारखान्यात जादा काम निघण्याची शक्यता आहे. पुढच्या रविवारी अण्णांना एकटं ठेवता येणार नाही. शिवाय लगेच गेलं तर तिचं तिथे मन रमणार नाही. सप्टेंबरमध्ये तपासणीला ती येईलच शहरात, तेव्हा लांबून भेट होईल.

या वहीत सहा महिने खूप काही ठरवलं. त्यातली एक गोष्ट आज पुरी केली. मुलीला माझ्यापासून लांब नेऊन ठेवलं.